औषध कोणते आणि विष कोणते?



आपल्या परभणीकडच्या बोलीत 'औषध' या शब्दाला फार काम करावे लागते. दवाखान्यातून आणलेली बाटली म्हणजे औषध. कृषी सेवा केंद्रातून आणलेली फवारणीची बाटली, तेही औषधच. "कापसावर औषध मारायचंय" असे आपण सहज म्हणतो. टपरीपाशी उभा असलेला भाऊ बिडी पेटवता पेटवता म्हणतो, "काय करावं फादर, टेन्शनवर हेच एक औषध आहे." आणि मग एखाद्या सकाळी वस्तीत बातमी येते, "अमक्यानं औषध घेतलं." ते कोणते औषध, हे कोणालाही विचारावे लागत नाही.

एकाच शब्दात जगवणारेही आले आणि मारणारेही आले. आज या एका शब्दावर आपण मिळून मनन करू या. धूम्रपान, मनाचा आजार, विषबाधा, आत्महत्या हे विषय चर्चच्या पत्रकात कशाला, असे कोणाला वाटेल. पण ज्या घरात हे घडले ते घर दर रविवारी आपल्यातच बसलेले असते. ज्याच्या मनात आज असे विचार घोळत आहेत, तोही कदाचित आपल्याच रांगेत बसून हे पान वाचत असेल. त्याच्यासाठी हे पान लिहिले आहे.

पहिले औषध : बिडी

बिडीचा किंवा सिगारेटचा झुरका घेतला की त्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. क्षणभर बरे वाटते, हे खरे आहे. ते खोटे आहे असे सांगून मी कोणाचा विश्वास मिळवू शकणार नाही. पण पुढे काय होते ते पाहा. एक-दोन तासांत रक्तातले निकोटिन उतरू लागते. मग चिडचिड होते, बेचैनी वाढते, कामात मन लागत नाही. माणसाला वाटते की हे टेन्शन शेताचे, पोरीच्या लग्नाचे किंवा मुकादमाच्या उचलीचे आहे. तो पुन्हा बिडी पेटवतो आणि शांत होतो. खरे तर त्या शांततेतला मोठा वाटा एवढाच असतो, की आधीच्या बिडीने लावलेली भूक नंतरच्या बिडीने भागवली. सावकाराने कर्ज द्यावे, त्याचे व्याज फेडायला त्यानेच पुन्हा कर्ज द्यावे, आणि आपण त्याला उपकारकर्ता म्हणावे, असा हा व्यवहार आहे.

२०१६-१७ साली भारतभर तंबाखूचे सर्वेक्षण झाले. महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात असे त्यात आढळले. ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे धूर कमी आणि चुना जास्त. तरी पारावर, विटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात बिडी अजून सुटलेली नाही.

कर्करोग, दमा, हृदयविकार या गोष्टी पाकिटावरच्या चित्रामुळे सर्वांना ठाऊक आहेत. कमी ठाऊक असलेली गोष्ट वेगळी आहे. जगातल्या अनेक देशांत झालेल्या अभ्यासांत असे दिसून आले आहे, की न ओढणाऱ्यांच्या तुलनेत धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार, प्रयत्न आणि मृत्यू यांचे प्रमाण जास्त असते. त्यांच्यात दारू व इतर नशांचे प्रमाणही जास्त असते, आणि म्हणून अतिसेवनाचा धोकाही.

इथे मला एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा तर्कशास्त्रातला पहिला धडा. बिडी ओढणारा प्रत्येक जण जीव देणार असा याचा अर्थ मुळीच नाही. बहुतेकांच्या मनात तसा विचारही येत नाही. कदाचित दुःखी माणूस जास्त ओढत असेल. कदाचित दीर्घकाळ ओढण्याने मन जास्त खचत असेल. गरिबी, कर्ज, दारू, एकटेपणा ही मुळे दोन्हींना सारखीच पोसत असतील. अभ्यासक अजून यावर वाद घालत आहेत. पण आपल्याला वाद मिटण्याची वाट पाहण्याची गरज नाही. घरातल्या माणसासाठी यातून निघणारी शिकवण सोपी आहे : बिडी वाढली की माणसाकडे पाहा. दिवसाला एक कट्टा ओढणारा अचानक तीन कट्टे ओढू लागला, रात्री उठून अंगणात काडी ओढू लागला, जेवण कमी झाले, बोलणे तुटले, तर तो आपल्याला काहीतरी सांगत आहे. शब्द सापडत नाहीत म्हणून धुरातून सांगत आहे.

अशा वेळी आपण काय करतो? "पैसे जाळतोस," "लेकरांना दूध नाही अन् तुला बिड्या," असे ओरडतो, आणि बिडी हिसकावून घेतो. राग समजण्यासारखा आहे. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. हात रिकामा केला म्हणून मनातले ओझे उतरत नाही.

दुसरे औषध : घरातली बाटली

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केली. देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. त्यांतले ४,२४८ जण शेतीवर जगणारे होते. आपण नेहमी 'शेतकरी आत्महत्या' म्हणतो. पण त्या वर्षी देशभरात शेतीशी संबंधित ११,२९० जण गेले, त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याचे कर्ज बँकेच्या वहीत नाही, त्याचे दुःख बातमीतही येत नाही. आपल्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबे अशीच आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता एक आशेची गोष्ट सांगतो. आपला शेजारी श्रीलंका देश १९९५ च्या सुमारास आत्महत्यांच्या बाबतीत जगात फार वर गेला होता, आणि तिथेही शेतीची विषारी द्रव्ये हेच मोठे कारण होते. तिथल्या सरकारने सर्वांत जहाल द्रव्यांवर एकेक करून बंदी घातली. १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. शेतीचे उत्पन्न त्यामुळे घटले नाही, असेही अभ्यासकांना आढळले. त्या देशातली गरिबी आणि भांडणे काही वीस वर्षांत संपली नव्हती. मग माणसे वाचली कशी? कारण मरणाची तीव्र ओढ बहुधा थोड्या वेळाची असते. काही मिनिटांची, काही तासांची. त्या वेळात हाताशी जहाल वस्तू नसली तर लाट ओसरते, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात, नातवंडेही पाहतात.

याचा आपल्या घराशी सरळ संबंध आहे. फवारणीचे उरलेले द्रव्य आपण कुठे ठेवतो? माळवदाच्या खोलीत, देवाच्या तसबिरीखालच्या कोनाड्यात, खाटेखाली. "कुलूप लावले की झाले," असे कोणी म्हणेल. श्रीलंकेतल्या गावांत घरोघरी कुलपाचे डबे वाटून पाहिले गेले. तेवढ्याने विषबाधा कमी झाल्या नाहीत, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. कारण उघड आहे, किल्ली घरातच असते. म्हणून माझी विनंती आहे : लागेल तेवढेच आणा. उरले तर घरात ठेवू नका, परत देता आले तर द्या. ज्या घरात कोणी खचलेले आहे, तिथे तर एक थेंबही राहू देऊ नका.

गोळ्यांचेही तसेच. रक्तदाब, साखर, फीट, झोप यांच्या गोळ्यांची पाकिटे घरात साचतात. मन ठीक नसलेल्या माणसाच्या गोळ्या दुसऱ्याने सांभाळाव्यात आणि एका वेळी थोड्याच द्याव्यात. आणि हे सर्वांनी ध्यानात ठेवा, की झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र आली तर श्वास मंदावतो. मरण्याचा हेतू नसतानाही माणूस त्यात जाऊ शकतो.

कोणी काही घेतले असे कळले, तर एक क्षण न दवडता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढत बसू नका, त्याने अपाय होतो. बाटली किंवा पाकीट सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना लगेच कळेल. "पोलीस केस होईल" या भीतीने उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे. त्याची काळजी घेणे व उपचार करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेतही, सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी केलेला प्रयत्न सोडला, तर तो गुन्हा म्हणून ठेवलेला नाही.

पवित्र शास्त्रातील दोन थकलेली माणसे

देवाचे वचन याबद्दल काय सांगते? मरण मागणारी माणसे बायबलमध्येही आहेत, आणि ती देवाची लाडकी माणसे आहेत.

राजांच्या पहिल्या ग्रंथातील १९ व्या अध्यायात एलिया संदेष्टा राणीच्या भीतीने पळतो. बैरशेबा येथे तो आपल्या चाकराला मागे ठेवतो आणि एकटाच रानात जातो. हे एकटे जाणे ध्यानात घ्या. खचलेला माणूस असाच आधी सोबत्याला मागे ठेवतो. एका झुडपाखाली बसून तो देवाला म्हणतो की आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला काय उत्तर देतो? रागावत नाही, पापाचा हिशेब विचारत नाही, प्रवचनही देत नाही. देव त्याला झोपू देतो. मग दूत येऊन त्याला हात लावून जागे करतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे मडके असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा जेवू घालतो. त्या अन्नाच्या बळावर एलिया चाळीस दिवस चालतो. पुढे होरेब डोंगरावर देव त्याला सांगतो की तू एकटा नाहीस, आणि अलीशा नावाचा सोबतीही देतो. झोप, स्पर्श, भाकर, पाणी, सोबत. देवाचे औषध असे साधे आहे.

दुसरी आहे सारा. ही गोष्ट आपल्या कॅथलिक बायबलमधल्या टोबीतच्या ग्रंथात आहे. एकामागून एक सात नवरे लग्नाच्या रात्रीच गेले, म्हणून घरातली दासी तिला घालून पाडून बोलते. आपल्याकडेही अशा बाईला 'पांढऱ्या पायाची' म्हणतात, मग तिला काय वाटले असेल ते सांगायला नको. जीव देण्याच्या विचाराने ती माडीवर जाते. पण तिथे तिला म्हाताऱ्या बापाची आठवण येते. लोक माझ्या बापाला बोल लावतील, दुःखाने त्याला मातीत घालतील, असे मनात येते आणि ती थांबते. खिडकीकडे तोंड करून हात पसरते आणि सगळे देवाला सांगते. मला मरण दे, हेसुद्धा देवालाच सांगते. आणि ती प्रार्थना ऐकली जाते. तिला बरे करायला देव रफाएल या दूताला पाठवतो. रफाएल या नावाचा अर्थच 'देव बरे करतो' असा आहे.

मनातले काळेकुट्ट विचार देवाला सांगायला भ्यायचे नाही, हे सारा आपल्याला शिकवते. आणि ते माणसालाही सांगायचे. सिराखच्या ग्रंथात ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे, कारण वैद्यही देवानेच निर्माण केला आणि औषधेही त्यानेच मातीतून उगवली. तेव्हा डॉक्टरकडे गेल्याने श्रद्धा कमी पडते, असे कोणी म्हटले तर त्याला हा अध्याय दाखवा. मनाच्या आजारावरही औषध आहे, आणि ते खरे औषध आहे.

संत थॉमस यांची पाच औषधे

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे ग्रंथ वाचावे लागतात. तेराव्या शतकातील हा मोठा पंडित. आत्महत्या चूक का, याची त्यांनी दिलेली तीन कारणे सर्व विद्यार्थी पाठ करतात. जगणे ही प्रत्येक जिवाची नैसर्गिक ओढ आहे, माणूस समाजाचा अंश आहे, आणि जीवन ही देवाची देणगी आहे. पण त्याच महाग्रंथात दुसरीकडे एक अख्खा प्रश्न 'दुःखावर उपाय काय' यावर आहे. तो फारसा कोणी सांगत नाही. थॉमस पाच उपाय देतात : मनाला सुखावणारी गोष्ट, रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी झोप व स्नान.

एवढा मोठा तत्त्वज्ञ सांगतो की रडा, मित्राकडे जा, आंघोळ करा, झोपा! आपल्याकडे पुरुषाने रडायचे नाही, असा दंडक आहे. बाई रडते, तिच्याभोवती चार बाया बसतात, तिचे ओझे थोडे हलके होते. पुरुष रडत नाही, तो टपरीवर जातो. त्याचे न रडलेले रडणे तंबाखूत मळले जाते. थॉमस यांच्या यादीतल्या प्रत्येक उपायाने माणूस माणसाकडे, देवाकडे किंवा निदान आपल्या शरीराकडे परत येतो. बिडी त्याला कोणाकडेच आणत नाही. औषध आणि विष यांतला फरक ओळखायची ही एक खूण समजा : जे आपल्याला माणसांत परत आणते ते औषध, जे एका कोपऱ्यात नेऊन बसवते त्यापासून सावध.

जे गेले त्यांच्यासाठी

ज्यांच्या घरातले माणूस असे गेले आहे, त्यांना मला काही सांगायचे आहे. १९१७ च्या जुन्या धर्मकायद्यात, जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. त्या काळची भीती अजून कित्येक आजी-आजोबांच्या मनात आहे. १९८३ च्या नव्या कायद्यातून ती बंदी काढली गेली. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ जीवन ही देवाची ठेव आहे आणि ती संपवणे गंभीर चूक आहे, हे सांगतो. पण तोच ग्रंथ हेही सांगतो, की मनाचा गंभीर आजार, तीव्र वेदना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते. अशा व्यक्तीच्या तारणाची आशा आपण सोडू नये, देव आपल्याच वाटेने तिला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा अशांसाठी प्रार्थना करते, असेही तिथे म्हटले आहे.

म्हणून त्यांचे नाव मिस्साच्या नोंदवहीत लिहायला लाजू नका. आणि बाकीच्यांनी त्या घराकडे बोट दाखवू नये. "बायकोनं लक्ष दिलं नाही," "बापानं पैसे दिले नाहीत," अशी वाक्ये आपण सहज बोलतो. आत्महत्येमागे एकच कारण कधीच नसते. त्या विधवेच्या डोक्यावर कर्ज आहे, पदरात लेकरे आहेत. त्यावर आपल्या जिभेचे ओझे नको.

अमरावतीचा 'विश्राम'

फार लांब न जाता आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवले. त्यांनी नैराश्य म्हणजे काय हे समजावले, ऐकून घेतले, आणि गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत नेले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. कापूस तोच, भावही बाजाराच्याच मर्जीवर. बदल एवढाच झाला की कोणीतरी दाराशी येऊन विचारले.

आपल्या राज्य शासनानेही २०१५ साली मराठवाड्यातील सर्व जिल्ह्यांसह चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन शेतकरी कुटुंबांची विचारपूस करतात. आशाताई दाराशी आली तर "सगळं ठीक आहे" म्हणून तिला वाटेला लावू नका.

आणि आपणही विचारायला शिकू या. कसे विचारायचे?

१. एकांतात बसून विचारा. चारचौघांत नको. बिडीवरून सुरुवात करायची तर अशी करा : "आजकाल लई ओढायलास भाऊ, झोप लागती का?"

२. सरळ विचारा : "जीव द्यावा असं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते, की कोणीतरी विचारले.

३. ऐका. "देवावर भरवसा ठेव" हे शेवटी म्हणा, आधी नव्हे. देवानेही एलियाला आधी भाकर दिली.

४. त्याने होय म्हटले तर त्याला एकटे सोडू नका. घरातली धोक्याची वस्तू हलवा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. मग त्याच्यासोबत जिल्हा रुग्णालयात जा. 'जा' म्हणू नका, सोबत जा.

बिडी सोडताना

शेवटी, ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी. "सोडली तर टेन्शनने मरीन," असे अनेक जण म्हणतात. २०१४ साली अभ्यासकांनी २६ अभ्यास एकत्र तपासले. ज्यांनी धूम्रपान सोडले त्यांचे नैराश्य, चिंता आणि ताण, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. ज्यांना आधीपासून मनाचा आजार होता त्यांच्यातही तेच दिसले. पण सोडल्यावर पहिले दोन-चार आठवडे कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, मन उदास होते. ही बिडीच्या कर्जाची शेवटची वसुली आहे, ती ओसरते. त्या दिवसांत घरच्यांनी दोन शब्द कमी बोलावेत आणि एक चहा जास्त द्यावा.

ज्यांना नैराश्य आहे किंवा पूर्वी कधी जीवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला होता, त्यांनी एकट्याने सोडू नये, डॉक्टरांच्या सोबतीने सोडावी. जे मनाच्या आजाराच्या गोळ्या घेतात त्यांनी तर डॉक्टरांना आधी सांगावेच. धुरामुळे काही गोळ्या शरीरात लवकर संपतात. धूर थांबला की त्याच गोळ्यांचा जोर वाढू शकतो, म्हणून मात्रा बदलावी लागते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा विनामूल्य क्रमांक आहे.

धर्मशिक्षणग्रंथ अन्न, दारू, तंबाखू आणि औषधे या चारही गोष्टींच्या अतिरेकापासून दूर राहायला सांगतो. औषधाचा अतिरेकही त्या यादीत आहे, हे पाहण्यासारखे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली निर्णय घेऊन २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये सिगारेटची विक्री थांबवली. त्या विक्रीतून पैसे मिळत होते, पण माणसाच्या आरोग्याला अपाय करून मिळणारा पैसा धर्मासनाला नको, अशी त्यामागची भूमिका होती. आपल्यापैकी ज्यांची किराणा दुकाने किंवा टपऱ्या आहेत, त्यांनी यावर घरी बसून विचार करावा. मी इथे अधिक लिहीत नाही.

आणि माझ्या भावा, माझ्या बहिणी, हे वाचताना तुला वाटत असेल की फादरांनी हे माझ्याचबद्दल लिहिले, तर होय, तुझ्याचबद्दल लिहिले आहे. तुझे कर्ज मी फेडू शकणार नाही. पण तुझ्याबरोबर बसू शकतो. रात्री कितीही वाजता माझे दार वाजव. बिडीचा वास येतो म्हणून कोणी तुला बाहेर उभे करणार नाही. प्रायश्चित्त संस्कारात सांगितलेले तर माझ्याबरोबरच कबरीत जाईल. तू आमच्यावरचे ओझे नाहीस. तू नसलास तर मात्र ते ओझे आम्हाला पेलणार नाही.

थकल्या-भागलेल्यांना आणि ओझ्याने वाकलेल्यांना प्रभू येशूने आपल्याजवळ बोलावले आणि विसावा देण्याचे वचन दिले. बोलावताना त्याने आधी तोंडाचा वास घेतला नाही, हिशेबही मागितला नाही. या रविवारी पवित्र कम्युनियन घेऊन घरी जाल, तेव्हा ज्याची भाकर अर्धी राहते आणि बिडी मात्र वाढली आहे, अशा एका माणसाजवळ जाऊन बसा. देवाने एलियाकडे दूत पाठवला तसे या आठवड्यात तो तुम्हाला पाठवत आहे.

हे प्रभो, जे आज रात्री झोपू शकणार नाहीत त्यांच्या उशाशी तू राहा. जे निराशेत गेले त्यांना तुझ्या दयेत घे. त्यांच्या घरच्यांचे अश्रू पूस. आणि आम्हाला वेळेवर दार वाजवायची बुद्धी दे. आमेन.

आपला ख्रिस्तसेवक,
प्रमुख धर्मगुरू